लेबलाचं सोंग आणि फोटोची उचल: नोटीस आलेल्या एका चित्रकर्तीला

प्रश्न आधी सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. विचारणारी लातूर जिल्ह्यातली एक तरुण चित्रकर्ती आहे. दुष्काळ आणि बाजार या विषयावर तिने १२ चित्रं केली, छत्रपती संभाजीनगरात चार दिवस प्रदर्शन मांडलं, चित्रांचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले आणि त्यातल्या एका चित्राचे ४० टी-शर्ट छापून विकले. ते चित्र म्हणजे बिअरच्या बाटलीचं बदललेलं लेबल. महिन्याभरात कंपनीच्या मुंबईच्या वकिलांची नोटीस आली: कॉपीराइट आणि ट्रेडमार्क दोन्हींचा भंग झालाय, सात दिवसांत मूळ चित्र नष्ट करा, पोस्ट काढा, २५ लाख रुपये द्या, नाहीतर दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद. तिने विचारलंय, "‘फेअर यूज’खाली मला हे करता येतं ना? की सगळं काढून टाकू?"

काढू नका. निदान लेबलाचं चित्र तरी काढू नका. पण मालिकेतल्या दुसऱ्या एका चित्राबद्दल मी तुम्हाला नेमकं उलटं सांगणार आहे, आणि त्या चित्राबद्दल कंपनीने चकार शब्द काढलेला नाही. तिकडे नंतर येते.

मी २६ वर्षं औरंगाबाद खंडपीठात आणि इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कॉपीराइट-ट्रेडमार्कची कामं आमच्याकडे येतात ती बहुतेक बियाणं, कीटकनाशकं, मसाले आणि तंबाखूच्या पाकिटांची. चित्रकाराचं प्रकरण क्वचित येतं. का क्वचित येतं, हे मला एका भिंतीने शिकवलं.

गुटखाबंदी नुकतीच झाली होती, २०१२ चं साल संपत आलं होतं. जालना जिल्ह्यातला बोर्ड रंगवणारा एक पेंटर शाळेच्या मुख्याध्यापकांना सोबत घेऊन माझ्याकडे आला. शाळेच्या कंपाउंडवर त्याने तंबाखूच्या पुडीचं भलंमोठं चित्र काढलं होतं. पुडीचा लाल रंग तोच, अक्षरांचं वळण तेच, फक्त पुडीवरच्या हसऱ्या माणसाच्या गालाला त्याने भोक पाडलं होतं आणि त्यातून दाढा दिसत होत्या. आधी वितरकाचा फोन आला, मागोमाग नोटीस. मी म्हटलं, जबाब मी लिहिते, तुम्ही भिंतीचा दिवसाउजेडी काढलेला फोटो तेवढा आणा. फोटो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात तारीख होती, जाताना गाडी तिकडे वळवली. भिंत पांढरी झाली होती. चुना खालच्या बाजूला अजून ओला होता आणि त्यातून लाल अक्षरं गुलाबी होऊन वर येत होती. पेंटर म्हणाला, "मॅडम, कोर्टाची पायरी आपल्याला झेपत न्हाई. रातीच चुना मारला." त्या नोटिशीवर पुढे दावा झालाच नाही. ते चित्र एकाही न्यायाधीशाने पाहिलं नाही, बेकायदा ठरवलं नाही. पेंटरचा मला राग आला नाही. मी त्याला कलमं सांगितली पण धीर दिला नाही, हे मात्र अजून मनाला लागून आहे. म्हणून तुमचं उत्तर मी लांबवणार आहे.

‘फेअर यूज’ या शब्दापासूनच सुरुवात करू. तो अमेरिकेच्या कायद्यातला आहे. तिथे दार मोकळं असतं: वापर कशासाठीही केलेला असो, न्यायालय चार कसोट्या लावून तो न्याय्य आहे का ते ठरवतं. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, ‘फेअर डीलिंग’ आहे आणि त्याला मोजकीच दारं आहेत: खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. यांपैकी एखाद्या दारातून आत आलात तरच पुढे वापर न्याय्य होता का, हा प्रश्न निघतो. तुमचं दार टीकेचं. विडंबन हा शब्द आपल्या कायद्यात नाहीच. कॅनडाने तो २०१२ साली घातला, ब्रिटनने २०१४ साली. आपण २०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती केली, तरी तो राहिलाच. मराठीत विडंबन इतकं रुजलेलं असताना ही उणीव मला खुपते, पण त्यावाचून काम अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. कायदा म्हणतो, टीका ‘त्या कृतीची किंवा दुसऱ्या एखाद्या कृतीची’. समाजाची, बाजाराची, चंगळवादाची टीका असं तो म्हणत नाही. कंपनीचा वकील इथेच बोट ठेवेल: बाईंना पाणीटंचाईवर बोलायचंय, खुशाल बोलावं, त्यासाठी आमचं लेबल कशाला हवं? हा प्रश्न बिनतोड वाटतो आणि पुष्कळ कलाकार इथे गडबडतात. ‘मला एकूण व्यवस्थेवर भाष्य करायचं होतं’ असं जबाबात लिहून टाकतात आणि स्वतःचंच दार लावून घेतात.

याचं उत्तर कंपनीच्याच नोटिशीत आहे. चंगळवाद आपल्यापर्यंत पोचतो तो लेबलातून, जाहिरातीतून, चौकातल्या होर्डिंगमधून, आणि यातली प्रत्येक गोष्ट कायद्याच्या भाषेत ‘कृती’ असते. कलम २ मधली कलाकृतीची व्याख्या चित्र, रेखाटन, छायाचित्र यांना कवेत घेते, मग त्यात कलागुण असो वा नसो. त्याच व्याख्येच्या जोरावर कंपनी आपल्या लेबलाला ‘मूळ कलाकृती’ म्हणते. म्हणू द्या. कलाकृती म्हणून संरक्षण मागता, तर कलाकृती म्हणून समीक्षाही सोसावी लागेल.

तुम्ही पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. मूळ लेबलावर जवाची दोन सोनेरी कणसं कमानीसारखी वळलेली आहेत, मागे बर्फाचा डोंगर आणि त्यातून उतरणारा झरा. तुमच्या चित्रात कणसांच्या जागी ज्वारीची दोन करपलेली ताटं आली आहेत, झऱ्याच्या जागी टँकरचा पाइप आणि पाइपाखाली घागरींची रांग. ‘६५० मि.ली.’ असतं त्या कोपऱ्यात टँकरच्या खेपेचा क्रमांक. हे नुसतं टंचाईचं चित्र नाही. लेबल सांगतं की हे पाणी कुठल्याशा हिमशिखरावरून येतं. चित्र म्हणतं, नाही, ते इथल्या धरणातून आणि आमच्या वाट्यातून येतं. लेबलाने जे झाकलं तेच तुम्ही त्याच चौकटीत उघडं केलंत. ही त्या कृतीचीच टीका आहे, आणि तुमच्या जबाबातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच असेल. ते माझ्या शब्दांत नको, तुमच्या शब्दांत लिहा; चित्र काढताना काय डोक्यात होतं ते वहीत किंवा स्केचबुकात असेल तर ती पानं तारखांसकट जपून ठेवा. न्यायालयात मी चित्रकाराच्या भाषणापेक्षा त्याच्या कच्च्या रेखाटनावर जास्त भरवसा ठेवते.

तुमच्या टीकेला आधारही पक्का आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० टक्के आणि १० मेनंतर ६० टक्के कपात करायला सांगितली. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. ज्या प्रश्नावर उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, त्यावर चित्रकाराने ब्रश उचलला तर त्याला खोडसाळपणा कोण म्हणेल?

आपल्याकडचा सर्वात उपयोगी निकाल केरळ उच्च न्यायालयाचा, १९९६ चा, सिविक चंद्रन विरुद्ध अम्मिणी अम्मा. तोप्पिल भासी यांचं एक गाजलेलं नाटक होतं, नावाचा अर्थ ‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलंत’. सिविक चंद्रन यांनी त्याला सवाल करणारं दुसरं नाटक लिहिलं, ‘तुम्ही कोणाला कम्युनिस्ट केलंत?’, आणि मूळ नाटकातली पात्रं, प्रसंग, संवाद भरपूर घेतले. भासींच्या वारसांनी मनाई मागितली. न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने किती आणि काय घेतलं, कशासाठी घेतलं, आणि दोन कृतींमध्ये स्पर्धा होण्याची शक्यता किती. मनाई मिळाली नाही. इतकं घेऊनही मिळाली नाही, कारण ज्या नाटकाशी भांडण होतं त्यातलेच प्रसंग रंगमंचावर आणल्याशिवाय ते भांडण प्रेक्षकाला कळलंच नसतं. हा अंतरिम टप्प्यावरचा आदेश होता हे खरं, पण विडंबनाच्या प्रत्येक वादात तो आजही उघडला जातो.

‘किती घेतलं’ हे समजावताना मला पैठण जवळचं वाटतं. नाथांच्या भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो. सोंग घ्यायचं तर मोरपिसांची टोपी आणि चिपळ्या लागतातच, नाहीतर समोर बसलेल्याला कोण आलं ते कळायचं नाही. पण म्हणून वासुदेवाचं घरदार कोणी उचलून आणत नाही. तुमच्या चित्रात लेबलाचा आकार, रंग आणि अक्षरांचं वळण आहे; ती झाली टोपी आणि चिपळ्या. कंपनीच्या नावातलं एक अक्षर तुम्ही बदललंत, तेही बरं केलंत. मात्र तळाशी बारीक इंग्रजी मजकुराची पट्टी परवाना क्रमांकासकट जशीच्या तशी उतरवली आहे. तिने टीकेत काय भर घातली? काहीच नाही. एवढ्याने बचाव कोसळत नाही, पण समोरचा वकील त्याच पट्टीवर पाच मिनिटं बोलेल. पुढच्या वेळी ती जागाही तुमच्या मजकुराने भरा.

स्पर्धेच्या कसोटीवर तुम्ही निर्धास्त राहा. तुमचं चित्र पाहून कोणी बिअरची बाटली घ्यायची सोडून चित्र घेईल असं नाही, आणि आपल्यावरच्या टीकेचा परवाना कंपनी कधी विकणारही नाही. अमेरिकेत टॉम फोर्सिथ या छायाचित्रकाराने बार्बी बाहुली मिक्सरमध्ये, भट्टीत, स्वयंपाकघरातल्या यंत्रांत घालून फोटोंची मालिका केली, तेव्हा मॅटेल कंपनी त्याच्यावर धावून गेली. त्याची त्या फोटोंची एकूण कमाई होती ३,६५९ डॉलर. २००३ साली अपील न्यायालयात तो जिंकला आणि पुढच्या वर्षी कंपनीला त्याच्या वकिलीचा आणि इतर खर्च म्हणून १८ लाखांहून अधिक डॉलर भरायला लावले. आपल्याकडे खर्चाचे आकडे असे येत नाहीत, म्हणून त्या भरवशावर राहू नका. कंपन्या कमाई पाहून दावा करत नाहीत, एवढं मात्र यातून कळतं.

जाहिरातीची ओळ उचलल्याचा मुद्दा नोटिशीत आहे, तो फारसा मनावर घेऊ नका. पेप्सी आणि कोकाकोलाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली म्हटलं की जाहिरातीच्या घोषवाक्याला सकृद्दर्शनी कॉपीराइटचं संरक्षण नाही. चार-पाच शब्दांवर कोणाचीही मालकी बसत नाही.

ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे, आणि नोटिशीत दोन्ही मुद्दाम एकत्र कालवलेले असतात. कॉपीराइट लेबलाच्या चित्राला. ट्रेडमार्क ओळखीला, म्हणजे माल कोणाचा हे सांगणाऱ्या चिन्हाला. १९९९ च्या कायद्यातलं कलम २९ व्यापाराच्या ओघात केलेल्या वापराबद्दल बोलतं. गॅलरीत भिंतीवर टांगलेलं चित्र म्हणजे त्या चिन्हाखाली माल विकणं नव्हे. २०१० साली टाटांनी ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती: ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे हे सांगायला ग्रीनपीसने एक इंटरनेट गेम केला होता आणि त्यात टाटांचं बोधचिन्ह कासवांच्या मागे लागायचं. २०११ साली न्यायालयाने गेम बंद करायला नकार दिला. सार्वजनिक प्रश्नावरची टीका झोंबते म्हणून ती आधीच गप्प करता येत नाही, हे त्या आदेशाचं सूत्र.

टी-शर्टचं मात्र तसं नाही, म्हणून ४० आकडा वाचून मी थांबले. तो विकायचा माल आहे. इथे दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाचा २००५ चा निकाल तुम्हाला आवडेल, कारण तोही बिअरच्या लेबलाचाच आहे. कार्लिंग ब्लॅक लेबल बिअरच्या लेबलाचं रूप घेऊन एका छोट्या टी-शर्टवाल्याने ‘ब्लॅक लेबल’च्या जागी ‘ब्लॅक लेबर’ आणि खाली ‘व्हाइट गिल्ट’ छापलं. काळ्यांची मजुरी, गोऱ्यांचा अपराध. खालच्या दोन न्यायालयांत तो हरला. घटनात्मक न्यायालयाने निकाल फिरवला: ब्रँडचं आर्थिक नुकसान झाल्याचा पुरावा कंपनीने आणलेलाच नाही, नुसत्या शक्यतेवर माणसाचं तोंड बंद करता येणार नाही. आपलं कलम २९ चं चौथं उपकलम, नामांकित चिन्हाच्या लौकिकाला बाधा आणण्याबद्दलचं, बरंचसं तिकडच्या तरतुदीसारखंच आहे. तरी तो परदेशी निकाल. आपल्या न्यायालयाला तो दाखवता येतो, पण बांधून ठेवता येत नाही. माझा सल्ला असा की वाद मिटेपर्यंत नवे टी-शर्ट छापू नका, विकलेल्यांचा हिशेब कागदावर मांडून ठेवा. चित्र आणि टी-शर्ट एकाच दमात लढवायला गेलात तर टी-शर्टाचं दुबळेपण चित्राला चिकटेल.

आता त्या दुसऱ्या चित्राकडे. मालिकेतलं सातवं: कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई, वरून खाली घेतलेला कोन, आणि कडेने फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीतले पांढरेशुभ्र चेहरे. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की विहिरीतल्या बाईचा फोटो ‘नेटवरून घेतला’, प्रोजेक्टरने कॅनव्हासवर टाकून गिरवला आणि कोपऱ्यातलं छायाचित्रकाराचं नाव कापलं. तुम्हाला नोटीस आली नाही ती त्या छायाचित्रकाराला अजून दिसलं नाही म्हणून. दिसलं आणि तो माझ्याकडे आला, तर मी त्याचं वकीलपत्र घेईन, आणि बहुधा जिंकेन.

असं का, ते सांगते. त्याच्या फोटोवर तुमची काही टीका नाही. तो फोटो खोटा बोलत नाही, काही झाकत नाही. तुम्हाला जे म्हणायचं होतं तेच त्याने उन्हात उभं राहून म्हटलंय. तुम्ही तो घेतला कारण तो चांगला होता आणि आयता मिळाला. टीकेचं दार त्याला उघडत नाही. त्यातून नाव जाणूनबुजून कापलं असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ब आहे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपलं नाव सांगण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो, हक्क विकले तरी राहतो.

हा भेद कायद्याच्या पुस्तकात शोधायचा तर अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलपाशी जावं लागतं. १९६२ साली त्याने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रं केली, जवळपास जशीच्या तशी. आणि लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकर्तीने १९८१ साली काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून त्याने १९८४ साली चित्रं केली. एका मासिकाने त्यातल्या एका चित्रासाठी तिला एकदाच वापरायचे ४०० डॉलर दिले होते, वॉरहॉलने मात्र मालिकाच करून ठेवली. २०१६ साली प्रिन्स वारला, मासिकाच्या प्रकाशकाने मालिकेतलं दुसरं चित्र छापायला वॉरहॉलच्या संस्थेला १०,००० डॉलर मोजले. गोल्डस्मिथला त्यातलं काही नाही, नावही नाही. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ असा कौल गोल्डस्मिथच्या बाजूने दिला. प्रश्न त्या एका परवान्यापुरता होता, पण निकालात सूपच्या डब्यांचा दाखला आला आहे: डब्याचं लेबल सूप खपवण्यासाठी असतं, वॉरहॉलचं चित्र उपभोगाच्या संस्कृतीवर बोलण्यासाठी, म्हणून दोन्हींची वाट वेगळी. प्रिन्सचा फोटो आणि प्रिन्सचं चित्र दोन्ही मासिकात प्रिन्स दाखवायलाच वापरले जातात. चित्रकार तोच, हात तोच, आणि उत्तर वेगळं. तुमचं लेबलाचं चित्र सूपच्या डब्याच्या रांगेत बसतं, सातवं गोल्डस्मिथच्या फोटोच्या.

मला इथे कायद्यापलीकडचंही बोलायचंय. आपल्या जिल्ह्यांत दुष्काळाचे फोटो काढणारी मुलं तालुक्याच्या वार्ताहरांपैकी असतात, एका फोटोला मिळतं ते पेट्रोलपुरतं. बाजार मोठ्यांचा आहे म्हणून तुम्ही चित्र काढलंत. त्याच चित्रात एका लहान माणसाची मजुरी बिनानावाने गेली. तो फोटो कोणाचा आहे ते शोधा. उलट दिशेने चित्र टाकून शोधायची सोय मोबाइलवर आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. फोन करा, खरं सांगा, नाव लावा, पैसे विचारा. तोवर सातवं चित्र ऑनलाइन ठेवू नका.

आता नोटिशीचं. फौजदारीची धमकी पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात सांगितलं आहे. कलम ६४ प्रमाणे फौजदार दर्जाचा अधिकारी प्रती जप्तही करू शकतो. चित्र उचलून नेलंच तर १५ दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे परतीचा अर्ज करायचा असतो, ही मुदत लक्षात ठेवा. म्हणूनच लेखी जबाब वेळेत गेलेला बरा: त्यात चित्र कशाची टीका आहे, कलम ५२ कसं लागू होतं, हे आधीच नोंदलं गेलं की ‘जाणूनबुजून भंग’ म्हणणं अवघड होतं, आणि अटकपूर्व जामिनाची वेळ आली तर तोच कागद पहिला लावता येतो.

जबाबात कंपनीकडे मालकीचा कागद मागा. लेबल बाहेरच्या एजन्सीने केलेलं असेल तर हक्क कंपनीकडे आल्याचा सहीचा लेखी करार लागतो, आणि माझा अनुभव असा की तो कागद बऱ्याच वेळा लवकर सापडत नाही. कलम ६० चाही उल्लेख करा: विनाकारण दाव्याच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध तुम्हीच न्यायालयात जाऊन धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकता. कंपनीने वेळेत खरोखर दावा लावला तर हे हत्यार बोथट होतं, पण नुसत्या नोटिशींवर नोटिशी पाठवत बसणाऱ्याला ते लागतं.

दावा कुठे लागेल ही तुमची मोठी भीती दिसते. कलम ६२ फिर्यादीला आपल्या कार्यालयाच्या गावी दावा लावू देतं, त्यामुळे चित्रकाराला मुंबई-दिल्लीला ओढण्याची प्रथा पडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तिला लगाम घातला: जिथे वादाचं कारण घडलं तिथेच कंपनीचं कार्यालय किंवा शाखा असेल, तर तिथेच या. प्रदर्शन संभाजीनगरात झालं आणि कंपनीचा कारखाना वाळूजला आहे. तिथे तिचं कार्यालय नोंदलेलं आहे का, ते आधी पाहू. पण टी-शर्ट दिल्लीच्या गिऱ्हाइकाला कुरिअरने पाठवले असतील तर हे गणित बदलतं, म्हणून तो हिशेब मी मागितला.

चित्राखालच्या मजकुरात तुम्ही ‘एका बाटलीमागे इतके हंडे’ असा आकडा दिला आहे. त्याचा आधार हाताशी आहे का? मत मांडायला कागद लागत नाही, आकड्याला लागतो. आधार नसेल तर तो आकडा आजच काढा, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खालची बदनामीची फिर्याद कॉपीराइटच्या बचावाने अडत नाही. असंच, पुढच्या मालिकेत बाटलीवर एखाद्या पूज्य ऐतिहासिक व्यक्तीचा चेहरा लावायचं तुमच्या मनात आहे असं लिहिलंत. एका मराठी कवितेवरचा अश्लीलतेचा खटला लातूरच्या न्यायालयातून निघून खंडपीठामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेला होता, २०१५ साली. तिथे न्यायालयाने अशा व्यक्तींबाबत कलाकाराला जास्त जपायला सांगितलं. त्या वाटेला जायचं तर आधी भेटा, त्यावर वेगळं बोलू.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही दोनदा लिहिली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. लातूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय आहे, आधार कार्ड आणि नोटिशीची झेरॉक्स घेऊन जा. जबाबाचा मसुदा मी पाहून देईन, त्याचे पैसे नकोत.

सात दिवसांची मुदत हा कंपनीच्या वकिलाचा आकडा आहे, कायद्याचा नाही. तरी आपण ती पाळू. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हवा. मूळ चित्र घरातून हलवू नका, कोणाला विकू नका. स्केचबुकातली पानं उजेडात, सपाट ठेवून स्कॅन करा, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तारीख असेल तर ती दिसेल असं पाहा.